आठव्यावर थांब!

दोस्तांनो, अगदी खरं खरं सांगा हं. तुमच्या नाहीतर तुमच्या शेजाऱ्यांच्या घरी कपाटावर, खोळीत गुंडाळलेली, धूळ खात पडलेली एखादी गिटार आहे की नाही? असणारच! वाढदिवसाला ती येते, आठ दिवस घरभर टणटण करते आणि एकदा कपाटावर चढली की चढलीच.

आमच्या अमरावतीच्या घरी अशीच एक गिटार कपाटावर चढली होती. ठेवणारे हात माझ्या भाचीचे होते, पण तिला ती ठेवायला लावली मी. कशी, ते सांगतो. सांगताना थोडी लाजच वाटते, पण सांगतो.

माझी भाची अकोल्याची. अकरा वर्षांची, बडबडी आणि दिवसभर काहीतरी गुणगुणणारी. वार्षिक परीक्षा संपली की ती मामाच्या गावाला, म्हणजे अमरावतीला येते. त्या वर्षी आली ती एक बेत घेऊनच. आदल्या गॅदरिंगला नववीच्या पोरांनी गिटार वाजवली होती, आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच.

"मामा, मले गिटार शिकवा न! जास्त नाई. फक्त एक वाजवता आलं पाह्यजे."

आता या "फक्त एक"कडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं. तिला काय हवं होतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. पण मला शिकवण्याचा उत्साह! माझी गिटार १९९४ सालची. कॉलेजात असताना पैसे साठवून घेतलेली. मी एका पुस्तकावरून, धडपडत शिकलो होतो. म्हटलं, आपण चुकतमाकत शिकलो, ही तरी पद्धतशीर शिकू दे. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर सहा तारा काढल्या, त्यांची नावं लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉर्ड सुरू केले.

कॉर्ड म्हणजे तीन-चार बोटं वेगवेगळ्या तारांवर एकाच वेळी दाबायची आणि सगळ्या तारा एकदम छेडायच्या. पहिल्या दिवशी सी, दुसऱ्या दिवशी जी आणि तिसऱ्या दिवशी एफ! ज्यांनी गिटार हातात धरली आहे, ते आता कपाळावर हात मारतील. एफ कॉर्डला तर्जनी पट्टीसारखी आडवी करून सहाही तारा एकट्या बोटाने दाबायच्या असतात. मोठ्या माणसांना यात घाम फुटतो. हिचा तर हात गिटारच्या दांडीभोवती धड पोचतही नव्हता. माझी गिटार पुऱ्या मापाची. लहान मुलांसाठी पाऊण मापाची गिटार मिळते, हेही मला तेव्हा सुचलं नाही. तारा पोलादी. तिच्या बोटांच्या टोकांवर लालभडक रेघा उमटायच्या. ती गुपचूप माठातलं पाणी भांड्यात घेऊन त्यात बोटं बुडवून बसायची. मी पाहायचो आणि म्हणायचो, "होईल सवय!"

त्यात मे महिना. आमच्या वऱ्हाडातला मे म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. कूलर दिवसभर सुरू. गिटार मी नेमकी कूलरच्या तोंडाशी उभी करून ठेवायचो. कूलरची ओली हवा लाकूड पितं आणि फुगतं. हवा बंद झाली की कोरडं पडून आकसतं. या भानगडीत तारा बेसूर होतात. म्हणजे पोरगी बिचारी बरोबर दाबायची तरी आवाज भलताच यायचा आणि मी म्हणायचो, "लक्ष कुठे आहे तुझं?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरात पाहुणे होते. आमरसाचं जेवण झालेलं, सगळे गप्पा मारत बसलेले. मला काय हुक्की आली! "चला, आमची भाची आता गिटार वाजवून दाखवणार." तिला नको होतं. तिने माझ्याकडे पाहिलंही तसं. पण मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिने सी धरला, कसाबसा वाजला. मग एफ धरला आणि आवाज आला – धप्प! लाकडावर चापट मारल्यासारखा. पुन्हा धप्प. पाहुणे हसले. आणि मी, तिचा सख्खा मामा, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "राहू दे बाई, तुझ्या बोटांत ते नाहीच!"

सगळे आणखी मोठ्यांदा हसले. ती पण हसली. ते तिचं हसणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फडक्याने गिटार स्वच्छ पुसली, खोळीत घातली, स्टुलावर चढली आणि कपाटावर ठेवून दिली. उरलेली सुट्टी मजेत गेली. कॅरम झाला, पत्ते झाले. जून उजाडला तशी ती अकोल्याला गेली. मी विसरूनही गेलो.

जुलैत ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काय झालं रे हिला? गिटारचं नाव काढत नाई ते सोड. पण हे पोट्टी आता संगीताच्या तासालेही मागच्या बेंचवर जाऊन बसते म्हणे. घरात गुणगुणत नाई. विचारलं तर म्हणते, माझ्यात ते नाहीच."

माझंच वाक्य! ते अमरावतीहून अकोल्याला जाऊन तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

त्या रात्री मी गिटार कपाटावरून काढली. सहज एक गंमत केली. मी उजवा. म्हणजे डाव्या हाताने तारा दाबतो, उजव्याने छेडतो. मी गिटार उलटी धरली. उजव्या हाताने दाबायचं आणि डाव्याने छेडायचं. करून पाहा बरं कधीतरी! पंचवीस वर्षांहून जास्त काळ वाजवणारा मी, मला सी सुद्धा धरता येईना. बोटं ऐकतच नव्हती. मनगट दुखायला लागलं. एफचा तर प्रश्नच नाही – धप्प! अगदी तस्साच धप्प!

मग मला वाटलं, या अशा अडाणी हाताने काय वाजेल? बराच वेळ खटपट केली. वाजलं ते इतकंच: एकच तार, तिच्यावर दोन जागा आणि मधूनमधून मोकळी तार. पण ते जे वाजलं ते धप्प नव्हतं. ते गाण्यासारखं होतं.

याच छोट्या तुकड्याला गिटारवाले रिफ म्हणतात. रिफ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. चार-सहा सुरांचा तुकडा, जो पुन्हा पुन्हा येतो आणि कान ज्याची वाट पाहतात. आपल्या भजनात पालुपद फिरून येतं ना, तसं. जगभरची पोरं गिटारवर बहुतेक पहिल्यांदा जो रिफ वाजवतात तो डीप पर्पल नावाच्या इंग्लंडच्या बँडचा. १९७१च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात एका कसिनोला आग लागली. तळ्यावर पसरलेला तिचा धूर या बँडवाल्यांनी पाहिला आणि त्यावर गाणं केलं, 'स्मोक ऑन द वॉटर'. त्याच्या सुरुवातीच्या रिफमध्ये सूर किती? वेगवेगळे मोजले तर फक्त चार! आपल्याकडे 'कर्ज' या १९८०च्या सिनेमात 'एक हसीना थी'ची सुरुवातीची गिटार अशीच कानात बसते. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं; त्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर हे आपले मराठी. गिटार वाजवली होती प्यारेलाल यांचे भाऊ गोरख शर्मा यांनी. सिनेमा जुना झाला, ती धून काही जुनी होत नाही.

म्हणजे लोकांच्या लक्षात राहतात ते हे तुकडे, आणि मी निघालो होतो पोरीला एफ शिकवायला!

येत्या रविवारी मी गिटार पाठीवर टाकली आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. डब्यात एका आजोबांनी खोळीकडे पाहून विचारलं, "भाऊ, बंदूक हाय का?" म्हटलं, "नाही हो, बाजा आहे." "मंग वाजवा न!" मी म्हटलं, आज नको, आज मी माफी मागायला चाललो आहे. ते बिचारे गप्प झाले. पुढे मूर्तिजापूर आलं. इथूनच एकेकाळी यवतमाळकडे आणि अचलपूरकडे आपली छोटी शकुंतला झुकझुक निघायची. बाहेर पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि एकही धड जुळत नव्हतं.

घरी पोचल्यावर सरळ सांगितलं, "बाई, मी त्या दिवशी चुकीचं बोललो. सगळ्यांसमोर बोललो, ते तर फारच चुकीचं."

"हं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

आता? मी काही तिच्या मागे गेलो नाही. ओसरीवर बसलो, गिटार उलटी धरली आणि त्या अडाणी हाताने माझा तुकडा वाजवायला लागलो. चुकत होतो, थांबत होतो, परत पहिल्यापासून. पंधराएक मिनिटांनी दारातून डोकं बाहेर आलं.

"मामा, उलटी काऊन धरली?"

"अशी धरली की मलाही येत नाही."

ती थोडी पुढे आली. "इथं चुकून राह्यले तुम्ही."

"कुठे?"

"इथं. थांबा... द्या इकडे!"

मी गिटार सुलटी करून दिली. ज्यांच्या घरी कपाटावर गिटार आहे त्यांनीही आता ती खाली काढायला हरकत नाही, कारण तो तुकडा मी तुम्हालाही सांगणार आहे.

गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. सतारीला पडदे असतात तसेच. त्यांना फ्रेट म्हणतात. सगळ्यात जाड तार घ्या, तुम्ही मांडीवर गिटार घेऊन बसलात की ती सगळ्यात वर, तुमच्या तोंडाजवळ असते. दाबायची फक्त हीच. मोकळी वाजवली की शून्य. तिसऱ्या पट्टीच्या अगदी मागे तर्जनीने दाबली की तीन. पाचवीच्या मागे अनामिकेने दाबली की पाच. पट्टीवर बोट ठेवायचं नाही, तिला खेटून मागच्या बाजूला ठेवायचं. तिथे कमी जोर लागतो आणि आवाज स्वच्छ येतो. ही तार मोकळी असताना सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. पाचवर दाबली की तिची जवळजवळ पाव लांबी बाद होते, उरलेली तार आखूड म्हणून जास्त वेगाने थरथरते आणि सूर चढतो. घरात मोजपट्टी असेल तर मोजून बघा.

आता आठ मोजायचे. सात आकडे वाजवायचे आणि आठव्याला गप्प बसायचं:

शून्य – शून्य – तीन – शून्य – पाच – तीन – शून्य – गप्प!

झालं! हा कुठल्या गाण्यातला नाही, हा उलट्या हाताने जमला तो माझा तुकडा. पाच मिनिटांत तिला आकडे पाठ झाले. दहा मिनिटांत बोटंही आकड्यांवर पडायला लागली. कुठेही धप्प नाही. तिच्या तोंडावर जे आलं ते मी सांगत बसत नाही.

पण एक अडचण होती. "गप्प" तिला जमेना. सात झाले की ती लगेच पुन्हा शून्य! आठवी मात्रा गिळूनच टाकायची. मग दुसरी फेरी आणखी घाईत, तिसरी त्याहून घाईत आणि चौथ्या फेरीला सगळंच कोसळायचं. मी म्हटलं, थांब. ती म्हणायची, थांबलेच होते की! मी टाळ्या वाजवून पाहिल्या. पण तिचा वेग वाढला की माझ्या टाळ्याही तिच्यामागे धावायच्या. माझा आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"ठेक्यात कोणीच नाई हो तुम्ही!"

आबाजी. ताईचे सासरे. आबाजी भजनी मंडळातले जुने खंजिरीवाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९०९ साली आपल्याच अमरावती जिल्ह्यात यावलीला जन्मले आणि खंजिरी हातात घेऊन भजनं म्हणत गावोगाव फिरले. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही ते गेले होते. त्यांच्यामुळे आमच्या भागात खंजिरीला केवढा मान आहे! आबाजींचं आणि गिटारचं मात्र तोपर्यंत काही पटलेलं नव्हतं. त्यांच्या मते ते "सिनेमातल्या पोट्ट्यांचं वाद्य".

ते खंजिरी घेऊन बाहेर आले. एक थाप मारली, आवाज ढप असा मेलेला. पावसाळी दमट हवेत खंजिरीचं चामडं सैल पडतं. ते गॅसजवळ गेले, दुरूनच जरा शेकलं, पुन्हा थाप मारली – टण्ण!

"आबाजी, हिला पण हवा बाधते?" भाचीने विचारलं.

"मंग! चामडं हाय ते. लाकडालेही बाधते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मामाच्या घरी गिटार कूलरपाशी होती."

मी वर पंख्याकडे पाहिलं.

आबाजी खाली बसले. "वाजव पाहू." तिने वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सा, कोमल गंधार, मध्यम. तीनच त सूर हायेत. ठेका आपला नेहमीचाच, आठाचा. तू सात वाजव. आठवी मायी."

आणि ते वाजवत राहिले. एकसारखं, न चढता, न उतरता. जत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत वाजवणारा हात तो. तिची घाई झाली की ते घाई करत नसत आणि रागवतही नसत. ती पुढे पळायची, एकटी पडायची आणि आपोआप मागे यायची. आठवी मात्रा आली की ती तळहात तारेवर टेकवून आवाज बंद करायची आणि त्या रिकाम्या जागेत आबाजींची थाप पडायची – टण्ण! पंधरा-वीस फेऱ्यांनंतर केव्हा तरी ते जमलं. कधी, ते कुणालाच कळलं नाही. ताई हातातली कणीक तशीच घेऊन दारात उभी होती.

मी मधे एकदा सूचना करायला तोंड उघडलं. आबाजी न थांबता म्हणाले, "तुम्ही चहा घ्या."

मी चहा घेतला.

गिटार मी अकोल्यालाच ठेवून आलो. पुढे पाऊण मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार मिळाली. त्या तारा बोटांना मऊ लागतात. रोज दहा मिनिटं, बस. त्याहून जास्त नाही, हा नियम ताईचा. बोटांची टोकं तीन-चार आठवड्यांत कडक झाली. ती सगळ्यांना दाखवत फिरायची, "हात लावून पाहा न!" दिवाळीपर्यंत तिला तीन तुकडे येत होते. त्यातला एक तिने स्वतः केलेला, दोन तारांवरचा. अमुक ठिकाणी पाचच्या ऐवजी सहा बरं वाटतं, हे तिने मला फोनवर ऐकवलं आणि खरंच बरं वाटत होतं. एफ? एफचं अजून नाव काढलेलं नाही. घाई कुणाला आहे?

डिसेंबरातल्या गॅदरिंगला मी गेलो होतो. वर्गाचं समूहगीत होतं आणि गाण्याच्या आधी व कडव्यांच्या मधे हिचा तुकडा. पडदा सरकला. पहिल्याच फेरीत ती पळाली. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या फेरीला आठव्या मात्रेवर माझ्या शेजारी कुणीतरी मांडीवर थाप मारली. पाहतो तर आबाजी. एवढ्या गर्दीत स्टेजवर ती थाप काही ऐकू गेली नसणार. पण तिसऱ्या फेरीला ती आठव्यावर थांबली. तळहात तारांवर टेकवला, मान किंचित हलवली आणि मग पुढे निघाली. गाणं संपल्यावर आबाजी मला म्हणाले, "लाकडाचा आवाज गोड हाय बरं का तिचा." त्यांच्या तोंडून गिटारला हे पहिलंच प्रशस्तिपत्रक.

परवा मी पुन्हा अकोल्याला गेलो होतो. फाटक उघडतो तोच ओसरीवरून टणटण ऐकू आली. घाईघाईची, अडखळती. शेजारचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा गिटार मांडीवर घेऊन बसला होता आणि आमची भाची त्याच्यासमोर मांडी ठोकून, हातात आबाजींची खंजिरी. आबाजी आरामखुर्चीत डोळे मिटून. पोराने सात वाजवले आणि तसाच पुढे पळाला.

"अबे, आठव्यावर थांब न!" ती ओरडली. मग मला पाहिलं, जीभ चावली आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाली, "नाई, मस्त वाजवून राह्यला तू. घे, परत घे. आठवी मायी."